हळूमामाचे दोन हातोडे

माझ्या मामाला सगळी गल्ली हळूमामा म्हणते आणि गल्लीचं काही चुकत नाही. तो दाढी करतो तेवढ्या वेळात मी शाळेत पोचून पहिला तास संपवते. मी शाळेत खेळ शिकवते. 'चला, पळा, उचला पाय' हाच माझा धंदा. त्यामुळे मामाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आल्यापासून मी रोज थोडी थोडी जळते.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. चाळीस वर्षं तेच. गंजून दगड झालेलं मशीन घेऊन कोणी आलं, की तो आधी त्याला तेल पाजतो आणि झाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी चाक केसभर पुढे, केसभर मागे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेल. एखादा स्क्रू सुटत नसेल तर मामा तो आधी घट्ट करायला जातो. "जे अडलंय ना, ते ज्या बाजूला जायला तयार असेल तिकडे आधी जाऊ द्यावं," तो म्हणतो. "आधी घट्ट, मग सैल." आठवड्याने मशीन कुरकुर न करता चालायला लागतं आणि गिऱ्हाईक मामाला दुवा देत जातं. जाताना उशिराबद्दल चार शब्दही ऐकवून जातं.

त्याच्या हत्यारांत हातोडा नाही. एक लाकडी मोगरी आहे, ती टिचक्या मारण्यापुरती. हातोडा का नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. एकोणीस वर्षांचा असताना, नुकताच उस्तादाच्या हाताखालून सुटलेला हा पठ्ठ्या एका विधवा शिंपिणीकडे अडलेलं मशीन सोडवायला गेला. घाई होती, अंगात रग होती. त्याने हातोडा हाणला. मशीनचं अंग ओतीव लोखंडाचं. ते आरपार तडकलं. त्या बाई ओरडल्या नाहीत. भिंतीशी बसून नुसत्या मशीनकडे बघत राहिल्या. मामाने कानाला खडा लावला तो तेव्हा. पुढे सात महिने तो त्यांच्याकडे जात राहिला, जुने भाग गोळा करून दुसरं मशीन उभं करून देईपर्यंत. त्या सात महिन्यांत बाईंची मुलगी दारातून त्याचं काम बघत असे. ती मुलगी म्हणजे माझी मामी.

मामी फिरती नर्स आहे. शहराबाहेरच्या वस्त्यांवर जिथे बस जात नाही, तिथे तिची गाडी जाते. कोणाची जखम धुवायची, कोणाला इंजेक्शन द्यायचं, कुठे चार दिवसांच्या बाळाचं वजन करून बघायचं. गाडी जुनी. आधीच्या मालकाने ती मिठागरावर वापरलेली, त्यामुळे वरून बरी दिसली तरी पोटातून गंजलेली. गेला महिनाभर डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की खडाक्, आणि वळताना टक टक टक.

त्या गुरुवारी गॅरेजवाल्याने खाली वाकून बघितलं आणि हातच टेकले. चाकाला गाडीशी जोडणारा खालचा आर्म आणि चाक फिरवणारा दांडा, एक्सल, दोन्ही गेलेत, म्हणाला. "पार्ट आणून देतो ताई, पण हात लावणार नाही. सगळं एकजीव झालंय. एक बोल्ट तुटला की ही गाडी माझ्याच गळ्यात. भंगारात द्या."

आणि नेमकी सोमवारी सकाळी आठ वाजता मामीच्या कचेरीत नव्या वर्षाच्या कामाची वाटणी होती. ज्याच्याकडे चालती गाडी, त्याला वस्त्या. ज्याच्याकडे नाही, त्याने खिडकीत बसून चिठ्ठ्या फाडायच्या. एकदा खिडकीत बसलं की निवृत्तीपर्यंत खिडकीच.

"मी त्या खिडकीत बसले तर सहा महिन्यांत मलाच ड्रेसिंग लागेल," मामी जेवताना म्हणाली. हसून म्हणाली, पण घास पुढे गेला नाही.

मामाने पाणी पिऊन पेला जागेवर ठेवला आणि म्हणाला, "सोमवारी आठच्या आत गाडी दारात उभी असेल."

मामा आणि वेळ! पण मामीने फक्त "बरं" म्हटलं. तिने त्याचा शब्द असा घेतला की मला आणखीच राग आला. अगं, जरा तरी शंका घे!

शुक्रवारी मी रजा टाकली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी जॅकवर चढवली, खाली भक्कम ठोकळे लावले, चाक काढलं. आत जे दिसलं ते लोखंड म्हणवत नव्हतं. तपकिरी पापुद्रे, पापुद्र्यांवर पापुद्रे. मामा जमिनीवर मांडी घालून बसला, तारेच्या ब्रशने एकेक नट घासू लागला आणि प्रत्येकाला मशीनच्या त्या लांब चोचीच्या बुधलीने तेल पाजू लागला. दिवसभर. दर तासाला परत. मी शेडमध्ये येरझाऱ्या घालून घालून माझा स्वतःचा गंज काढला.

शनिवारी एक्सलचा नट. चाक काढल्यावर मधोमध दिसणारा तो बाप नट. पान्याला माणसाएवढा पाइप लावला आणि मी त्यावर लोंबकळले. ढिम्म. उड्या मारल्या. ढिम्म.

"उतर," मामा म्हणाला. "उतर आधी."

त्याने खिशातून भिंग काढलं, तेच, सुईचं भोक बघायचं. नटाजवळ डोळा नेऊन पाच मिनिटं बघत बसला. मी दात खात उभी.

"हा गंजामुळे अडलेला नाहीच," तो म्हणाला. "याला मुद्दाम अडवलाय. हे बघ."

मी बघितलं. नटाची पातळ कड एका जागी आत ठोकून एक्सलच्या खाचेत बसवलेली होती, नट आपोआप सुटू नये म्हणून. मी तासभर त्या कुलपाशीच कुस्ती खेळत होते. मामाने बारीक छिन्नी लावली, मोगरीने टिचक्या मारमारून ती कड वर उचलली, नट आधी नखभर घट्ट केला आणि म्हणाला, "आता ये."

कड्ड! असा आवाज आला की मला वाटलं पाइपच मोडला. पण नट फिरला होता. मी शेडमध्ये नाचले. मामाने नट हातात घेतला, पुसला आणि वाटीत ठेवला.

मग एक्सलचं टोक. तेही हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, गंजून बसलेलं. मामाने मशीनचे दांडे उपसायचं आपलं हत्यार, स्क्रूचा दाब, आणून जोडला, पाव फेरा दिला, थांबला, तेल, पुन्हा पाव फेरा. संध्याकाळी एक्सल बोटभर आत सरकला. आता तो पुरा ओढून काढायला फक्त खालचा सांधा सुटायला हवा होता: आर्मच्या टोकाची निमुळती खुंटी, चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी ठोकळ्याच्या भोकात रुतलेली. एक्सलपुरतं तेवढंच राहिलंय, असं आम्ही मामीला सांगितलं.

तेवढंच! रविवारी सकाळपासून त्या तेवढ्याने आमच्या नाकी नऊ आणले. खुंटीच्या टोकाचा नट दोन आट्यांवर आणून ठेवला होता, खुंटी एकदम सुटून आर्म अंगावर येऊ नये म्हणून. बाकी मामाने सगळं करून बघितलं. तेल. आदल्या दिवशीचं तेल नीट पुसून मग दिव्याची धग, आणि तापल्या जागेवर मेणबत्ती टेकवून वितळलेलं मेण फटीत जाऊ देणं. मग त्याच्या लाडक्या स्क्रूचा दाब. पाव फेरा. थांब. पाव फेरा. दुपारी दोनला त्या दाबाचेच आटे गेले आणि तो गळून खाली पडला. तीस वर्षांचं हत्यार. मामा त्याच्याकडे बघत राहिला.

गॅरेजवाला पार्ट द्यायला आला होता तेव्हा जाता जाता म्हणाला होता, "तो सांधा बाबापुता करून सुटायचा नाही, मामा. दोन मोठे हातोडे लागतात. एक या बाजूला टेकवायचा, दुसरा समोरून हाणायचा. नाहीतर सात जन्म बसा." आणि शेजारच्या लोहाराकडून दोन हातोडे आणूनही ठेवले होते मी, शुक्रवारीच. मामाने त्यांच्यावर फडकं टाकलं होतं.

"मामा, अडीच वाजले," मी म्हणाले.

"अजून एकदा मेण घालू."

"मेण घाल, फुलं घाल, उद्या मामी खिडकीत बसणार आहे!"

आणि मी फडकं फेकलं, हातोडा उचलला आणि खुंटीच्या टोकावर दिला दणका. एक नाही, तीन. सांधा हलला नाही. नट मात्र खुंटीसकट चेचला गेला, चपट्या टोपीसारखा. मामाने डोळे मिटून घेतले होते. माझा जीव एवढासा झाला. नट चेचला म्हणून नाही. त्याचा चेहरा बघून. तो पुन्हा एकोणीस वर्षांचा झाला होता.

"मारा की मग," दारातून आवाज आला.

मामी. रविवारची फेरी शेजारणीच्या सायकलवरून करून आलेली, पॅंटला ग्रीस, कपाळावर घाम.

मामा म्हणाला, "अगं, तडकलं म्हणजे? गाडीच गेली. उद्या..."

"अहो, हे काय आईचं मशीन आहे?" मामी आत येऊन त्याच्यासमोर उकिडवी बसली. "ते मऊ कापडासाठी केलेलं होतं. ही वस्तू रोज माझ्याबरोबर खड्ड्यांचा मार खाते. तुमच्या हातोड्याला घाबरेल होय?"



"आणि एक सांगते," मामी म्हणाली. "आईने तुम्हाला कधीच दोष दिला नाही. मी होते ना तिथे. ती म्हणाली होती, 'पोरगा पळून नाही गेला.' तुम्ही गेली एकोणचाळीस वर्षं स्वतःलाच फटके मारताय. आता जरा लोखंडाला मारा."

मी खेळाची बाई, रडणं माझ्या विषयात नाही. पण मी तोंड फिरवून हातोडा शोधायला लागले, जो माझ्या हातातच होता.

मामा उठला. ठोकळ्याच्या त्या भोकाभोवती त्याने बोट फिरवलं, लोखंडाची जाडी कुठे किती ते चाचपलं, आणि खडूने दोन बाजूंना दोन ठिपके केले, बरोबर समोरासमोर. मग मला आर्मवर पहार अडकवून तिच्यावर बसायला सांगितलं, म्हणजे सांध्यावर खाली ओढ राहील. मोठा हातोडा मामीने स्वतःच उचलला आणि एका ठिपक्यावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.

"तुझा हात आहे तिथे," मामा म्हणाला.

"माहीत आहे मला माझा हात कुठे आहे. मारा."

पहिला घाव घाबरट होता. दुसरा बरा. तिसऱ्याला मामाने श्वास घेतला, खांदा मागे नेला, आणि मी त्याला उभ्या आयुष्यात कधी बघितलं नव्हतं असं त्याने हाणलं.

ठण्ण!

आणि मी जमिनीवर. पहार खाली, पहारीवर मी, आणि आर्म चेचलेल्या नटाला लोंबकळतोय. सुटला! दोन दिवस तेल-मेण-शेक खाऊन बसलेला तो हट्टी सांधा तिसऱ्या घावात सुटला. मामीने हातोडा टाकला आणि ओरडली. मी ओरडले. मामाने हातातल्या हातोड्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. ठोकळ्यावर त्याने लगेच भिंग फिरवलं, नखाएवढीही चीर नव्हती.

माझा चेचलेला नट करवतीने कापावा लागला. दीड तास. ती शिक्षा मी मुकाट्याने भोगली, आणि मामाने एकदाही "घाई केलीस" असं म्हटलं नाही, जे फार लागलं. आर्मला गाडीच्या सांगाड्याशी धरणारे आतले दोन बोल्ट राहिले होते. ज्यांना गॅरेजवाला सगळ्यात जास्त घाबरला होता, ते. दोन दिवसांचं तेल त्यांच्यात पुरतं मुरलं होतं. आधी घट्ट, मग सैल. दोन्ही लोण्यातून यावेत तसे आले. खरं सांगायचं तर तिथे मी हातोडा चालवला असता तर दोन्ही तुटले असते. रात्रीच्या जेवणाच्या आधी नवा आर्म बसला, नवा एक्सल बसला, आणि नव्या नटाची कड मामाने खाचेत ठोकून बसवली. हातोड्याने.

सोमवारी मामीने पिशवी मागच्या सीटवर ठेवली, गाडी सुरू केली आणि मामाच्या गालाला हात लावला. गाडी फाटकातून वळली. टक टक नाही. पण खरी परीक्षा कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर होती. तिथे महिनाभर खडाक् व्हायचं.

मी मामाकडे बघितलं, तर मामा जागेवर नाही. तो पळत होता! चपला मागे टाकून, लुंगी एका हाताने धरून, हळूमामा गाडीमागे कोपऱ्याकडे धावत सुटला होता. मीही धावले आणि मला तो गाठता येईना.

कोपऱ्यावर तो थांबला, वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून कान पुढे केला. गाडीची पुढची चाकं गतिरोधकावर चढली, उतरली.

इस्त्रीवाला दुकानातून धावत बाहेर आला. "हळूमामा! काय झालं हो? धावताय कशाला?"

"वाजत नाही ती!" मामा ओरडला.

"काय वाजत नाही?"

"काहीच वाजत नाही! काही म्हणजे काहीच वाजत नाही!"

तो रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता, आणि आठ वाजायला अजून वीस मिनिटं होती.