आतेचा सीआरपी

आते पाखाडी चढताना कधी थांबली नाही. डोक्यावर गवताचा भारा असला तरी ती पाखाडीच्या चिऱ्याच्या पायऱ्या अशी चढायची की मागून येणारी मी धापा टाकत असायचे. "कालेजात बसून बसून गुडघे गंजले गो तुझे, बाय," ती वरून म्हणायची.

तिचं घर पाखाडीच्या टोकाला, आमचं खाली रस्त्याला. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. तरी ती भावाकडे, म्हणजे आमच्याकडे, एक रात्रही राहिली नाही. आपल्या घरात आपली चूल पेटली पाहिजे, एवढंच म्हणायची.

पुढे गुडघे तिचेच गेले. बाबांनी तिला रत्नागिरीला नेऊन उजवा गुडघा बदलून घेतला. ती तयार झाली ती एकाच बोलीवर: पुन्हा पाखाडी चढून आपल्या घरी जायचं.

घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, म्हणून रिपोर्ट माझ्या हातात येत. मला त्यातलं फार कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सीआरपी म्हणजे अंगात कुठेतरी दाह असल्याची रक्तातली खूण. ऑपरेशननंतर तो वाढतोच, मग उतरायला हवा. आतेने तेवढंच पक्कं धरलं. तेव्हा ती आमच्याकडेच होती; मी रिपोर्ट घेऊन दारात दिसले की विचारायची, "उतरला काय गो?" उतरत होता. मग आम्ही तिच्या परसात लावायच्या मिरच्यांबद्दल बोलायचो.

काही आठवड्यांनी तो पुन्हा चढला. "खोकला नाय, पडसं नाय, कशाला चढतोय मेला?" म्हणत ती हसली. पण माझा हात धरून तिने गुडघ्यावर ठेवला. फार तापलेला नव्हता, नुसता ऊन लागत होता. मला त्या उबेचीच भीती वाटली.

सांध्यात जंतू शिरले होते. एकदा धुऊन पाहिलं, मग नवा सांधाच काढावा लागला. दुसरा बसवण्याइतकं चांगलं हाड उरलं नव्हतं, म्हणून वरचं-खालचं हाड एकमेकांना जोडून पाय सरळच करून टाकला. तो आता कधीच वाकणार नव्हता. पाखाडी आता चढता येणार नाही, हे डॉक्टरांनी तिला समजावलं, बाबांनीही. तिने मान डोलावली.

बऱ्याच महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला. आते आमच्या पडवीत खाटेवर पाय लांब करून बसली होती. मी सांगितलं. तिने पदर खोचला.

"उतरला ना? मग चल, मला घरी सोड."

बाबा उठून मागच्या दारी गेले. आते माझ्याकडे हात पुढे करून थांबली होती.