गाठीपासून गाठीपर्यंत

सासूबाई पहिल्यांदा बंगळुरात आमच्याकडे हिवाळाभर राहिल्या आणि निघताना टांगेवाल्यासमोर म्हणाल्या, "सगळं छान केलंस हो, पण माझे पाय काही झाकले नाहीत. पुढच्या खेपेला मी माझी गोधडी घेऊन येईन."

मला ते असं झोंबलं! माझ्या घरात त्यांनी आपलं पांघरूण वळकटीत बांधून आणायचं? मी त्याच दिवशी ठरवलं, ती वळकटी इथं सुटता कामा नये.

गोधडी शिवणं मला आईनं शिकवलं होतं. आत घालायला जुनी लुगडी होती. प्रश्न होता वरच्या आणि खालच्या नव्या कापडाचा. चिकपेटेतल्या एका दुकानात बारीक निळ्या बुट्ट्यांचं कापड मी हेरून ठेवलं होतं. त्याचा एकच तागा उरला होता, तोही अर्धामुर्धा. कमी पडलं तर पुन्हा मिळणार नव्हतं.

आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी खाट मोजली, कापडाचा पन्हा विचारला, कागदावर सुबक आकृती काढली आणि निकाल दिला, "साडेआठ वार. त्याच्या वर घेऊ नकोस."

"पांघरूण खाटेला घालायचंय की तुमच्या आईंना?"

सासूबाई डोक्यावरून पांघरूण घेत, नाकाचा शेंडासुद्धा बाहेर दिसायचा नाही. पायाकडचं टोक टाचांखाली दुमडून घ्यायचं, तेव्हा कुठं त्यांना झोप लागायची. खाटेच्या मापात हे कुठलं बसायला? त्यातून त्या चांगल्या उंच. ह्यांनी उंची आईचीच घेतली होती, तेव्हा माप घरातच होतं.

"आडवे व्हा," मी म्हणाले.

कारखान्याच्या कपड्यांतच हे खाटेवर आडवे झाले. मी सासूबाईंचं जुनं लुगडं आणलं, एक टोक ह्यांच्या टाचांखाली खोचलं, डोक्यावरून नेलं, मागं दुमडलं आणि दोन्हीकडे गाठ मारली.

आतून आवाज आला, "एवढं? तंबू ठोकतेस की काय?"

"टाके पडले की गोधडी आक्रसते." मी एक गाठ सोडून थोडी पुढं बांधली.

"आक्रसण्याचं प्रमाण काय?"

"एक वीत," मी म्हणाले.

दुकानात तेव्हा नवी मीटरपट्टी आली होती आणि गिऱ्हाइकं अजून वारच मागत होती, त्यामुळे रोज वादावादी. मी लुगडं फळीवर पसरलं आणि सांगितलं, "ह्या गाठीपासून त्या गाठीपर्यंत. असे चार पट्टे, दोन वरचे, दोन खालचे." दुकानदार हसला, पण मापू लागला. तिसऱ्या पट्ट्याला तागा इतका बारीक झाला की आतल्या फळीच्या कडा दिसू लागल्या. चौथा पट्टा सरकत सरकत गाठीला भिडला आणि हातात चार बोटं कापड उरलं.

"सरी अम्मा, मुगीतु!" तागा संपला म्हणून त्यानं आतली रिकामी फळी मला दाखवली. मी दुकानात नाचायचीच बाकी होते.

पुढच्या हिवाळ्यात सासूबाई आल्या, बोलल्याप्रमाणे वळकटी घेऊन. खाटेवर माझी गोधडी पसरलेली. त्यांनी टाके निरखले, कोपरा ओढून पाहिला. वळकटी कोपऱ्यात उभी करून ठेवली.

सकाळी मी चहा घेऊन गेले, तर खाटेवर नुसत्या निळ्या बुट्ट्या. ना डोकं, ना पाय. मी पायथ्याशी वाकून बघत होते, एवढ्यात आतून आवाज आला, "शोधू नकोस. पाय आत आहेत."

महिनाभर ती वळकटी तशीच उभी होती. ती सुटली शेवटच्या दिवशी. सासूबाईंनी आपली गोधडी काढून माझ्या हातात दिली आणि माझी आत घालून पट्टा आवळला.

"तुझी मी नेते," त्या म्हणाल्या. टांगेवाला दारातच उभा होता. त्यानंही ऐकलं.