जनतेच्या खुर्चीवर बसलं कोण?

चाळकऱ्यांनो, फळ्यावरचा आजचा सुविचार मीच पुसलाय. रागावू नका, आधी हे वाचा.

सकाळी आपल्या कोरड्या नळाची तक्रार घेऊन मी नगरपालिकेच्या कचेरीत गेले. सोबत शेजारच्या सिंधी आजी होत्या. फाळणीत सिंध सोडून निर्वासितांच्या कॅम्पात आणि तिथून इथे अंबरनाथला आलेल्या, गुडघ्यांनी बेजार. विलायतेत शिकून आलेल्या नव्या साहेबांनी हुकूम काढलाय, की तिकडच्यासारखं इथेही जनतेला कारकुनासमोर खुर्ची द्यायची. म्हणून तर आजींना नेलं!

खुर्ची आलीय, खोटं कशाला बोलू? पण ती निघाली हातांची, आणि कारकुनाची बिनहातांची. मग जनता कारकुनापेक्षा मानाने कशी बसणार? म्हणून नवी खुर्ची हेडक्लार्कनी घेतली. त्यांची जुनी कारकुनाला गेली, कारकुनाची शिपायाला. शिपायाचं स्टूल उरलं, त्यावर माठ ठेवलाय.

"मग आम्ही बसायचं कुठे?" मी विचारलं.

"बाई, हुकमाची अंमलबजावणी झालेली आहे," हेडक्लार्क म्हणाले.

आजी भिंतीला टेकून म्हणाल्या, "कुर्सी तो आ गई बेटी, हम खड़े के खड़े."

उद्या मी घरचा पाट घेऊन जाणार आणि कारकुनासमोर मांडून बसणार. पाटाला हात नसतात, कुणाचा मान जायचा नाही. नळाची दाद लागेपर्यंत उठायची नाही.

आजींना मात्र पाटावर बसवत नाही. त्यांची खाट उचलायला दोघं हवेत. कोण येतंय?