लेन्स परत द्यायला गेलो होतो

फोटोवाल्या मंडळींनो, महिनाभर तुमचं डोकं खातोय, कॅमेऱ्याची कंपनी बदलू की आहे त्याच कंपनीचं वरचं मॉडेल घेऊ? आज ठरवलं, कंपनी बदलायची.

लग्नात वापरतो ती मोठी लेन्स माझी नाही, रोह्याच्या अनंतदादाची आहे. तोही लग्नाचेच फोटो काढायचा. पॅरालिसिसने त्याचा उजवा हात गेला, तेव्हा त्याने ती मला दिली. नव्या कॅमेऱ्याला ती बसणार नाही. म्हणून दुपारी पेणहून परत द्यायला गेलो.

सगळं सांगितलं. दादाने डाव्या हाताने बॅग चाचपली, उघडली नाही.

"काल कुठं होती ही?"

"जोह्याला, हळदीत."

"नवरीची आजी नाचली काय?"

"नाचली. हिच्यातूनच काढला फोटो."

तो हसला. मग बॅग माझ्याकडे सरकवून म्हणाला, "कॅमेरा तुला पायजे तो घे. पण ही घरात नको ठेवूस. ही फिरते तोवर मी कामावर हाय."

लेन्स घेऊन पेणला परत आलोय.

आता कुठल्या कंपनीचा फोकस चांगला ते सांगू नका. दादाला कामावरून कसं काढू, तेवढं सांगा.