फाट्यावरून आलेला डबा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि ज्या सिस्टर लोकांच्या शाळेत मी अठरा वर्षं इंग्रजी शिकवलं त्यांच्यापाशी तर नाहीच. त्यांच्या धर्मात एक बरं असतं—जाळीच्या आड बसून फादरला सगळं सांगून टाकायचं आणि उठायचं. शाळेच्या चॅपलमध्ये ती लाकडी खोली होती. कितीदा तिच्यावरून गेले. पण मी काय त्यांच्यातली? आज लिहायला बसले तर तीनदा उठून आले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दाराची कडी, आणि एकदा उगाच. आता बसते.

तर मी सेनगावची. सासर देवळाच्या पूजेचं. सकाळच्या एसटीनं हिंगोलीला जायचं, नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. हिंगोली तेव्हा नवा नवा जिल्हा झालेला, आणि जो तो आपलं पोरगं इंग्रजीत बोललं पाहिजे म्हणून घाईला आलेला. माझं स्वतःचं इंग्रजी म्हणाल तर—खरं सांगू? गाइडातलं. कवितेचा अर्थ रात्री पाठ करायचा आणि वर्गात असा सांगायचा, जसा काही आत्ताच सुचला. ती लबाडी सगळेच करत होते, तिचं मला एवढं काही वाटत नाही.

आणखी एक रीत होती. मिशनच्या शाळांची दरवर्षी निबंधाची स्पर्धा असायची. निबंध टीचरनं लिहायचा, पोरानं चांगल्या अक्षरात उतरवून खाली आपलं नाव घालायचं. सगळीकडं असंच चालायचं, कुणी त्याला खोटं म्हणत नव्हतं. त्या वर्षी विषय होता वाट पाहण्याचा. शाळेतून एकच निबंध जाणार, आणि ज्याचा जाईल त्याला दहावीनंतर औरंगाबादेत मिशनच्या कॉलेजात अन् होस्टेलात जागा मिळणार. मी एका डॉक्टरांच्या मुलीला दोन पानं लिहून दिली. चांगली उतरली होती, आपलं आपण म्हणू नये, पण—जाऊ द्या.

आणि सुजातानं स्वतः लिहिलं.

सुजाता माझ्याच वर्गातली. पुसेगावची, बौद्ध घरातली. आईबाप मजुरी करायचे आणि पोरगी हिंगोलीत मावशीकडं राहून शिकायची. मला न विचारता तिनं निबंध थेट प्रिन्सिपल सिस्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सिस्टर केरळच्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी मला बोलावून कागद हातात दिला. त्यांचे डोळे ओले होते. निबंधात एक बाई होती—शहरात शिकणाऱ्या लेकीला एसटीतून डबा पाठवणारी. मी उभ्याउभ्याच वाचला. वाचता वाचता माझे कान तापले.

मग मी म्हणाले, "सिस्टर, ये उसका नहीं है. मी हे एका पुस्तकात वाचलंय. त्यात रेल्वे स्टेशन आहे, हिनं त्याचा एसटीचा फाटा केलाय. किताब मेरे घर में है."

असं पुस्तक नव्हतं. माझ्या घरीही नव्हतं आणि दुसऱ्या कुणाच्याही घरी नव्हतं. सिस्टरांनी ते मागितलंसुद्धा नाही, त्यांना माझा शब्द पुरला. सगळ्या शाळेत जिनं एकटीनं उतरवून घेतलं नव्हतं, तिच्यावर मी नकलेचा आळ घातला, आणि माझी दोन पानं डॉक्टरांच्या पोरीच्या नावानं औरंगाबादला गेली.

सिस्टरांनी तिला बोलावून पुस्तकाचं सांगितलं. तेव्हा सुजाता रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "टीचर, ते पुस्तक मला वाचाया द्या ना. त्यातल्या बाईचा डबा पोचतो का?" तिला खरंच वाटलं होतं हो, की असं पुस्तक आहे. की कुठंतरी दूर कुणीतरी आपल्यासारखंच लिहून ठेवलंय. मी म्हणाले, शोधते. पुढच्या आठवड्यात परत आली, परत म्हणाले शोधते. तिसऱ्यांदाही तेच. मग तिचं विचारणं बंद झालं आणि मला हायसं वाटलं—हेही लिहून ठेवते.

तुम्ही म्हणाल, जळली ही बाई. जळलेच. पंधरा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते मला जन्मात सुचलं नव्हतं. पण नुसतं तेवढंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी हसत सांगून मोकळी झाले असते. मग काहून सांगितलं नाही इतकी वर्षं?

थांबा, पाणी पिऊन येते.

सुजाताची आई पुसेगावच्या फाट्यावर उभी राहायची. आठवड्यातून दोनदा तरी. एसटी थांबली की फडक्यात बांधलेला डबा माझ्या खिडकीपाशी वर करायची, "बाई, लेकराला तेवढं देता का जी." मी घ्यायचे. नाही कसं म्हणणार, सगळी गाडी बघत असायची. पण घ्यायचे कसा? फडक्याची गाठ दोन बोटांत धरून. मांडीवर कधी ठेवला नाही, खाली पायापाशी ठेवायचे. तिच्याकडं बघायचेही नाही. नरसी आली, पुढं हिंगोली आली, की शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या सुजाताच्या हातात तसाच गाठीला धरून द्यायचा, आणि मग नळावर जाऊन हात धुवायचे. रोज वर्गात मी पोरांना सगळी माणसं सारखी म्हणून सांगत होते, इंग्रजीत. आणि हात धुवायचे. ते लोक बौद्ध होते म्हणून धुवायचे. दुसरं काही कारण नव्हतं.

निबंधात हे सगळं होतं.

फाट्यावरची बाई गाडी गेल्यावरही थोडा वेळ उभी राहते, कारण डब्याबरोबर आपणही जरा पुढं गेलो असं तिला वाटतं—असं लिहिलं होतं. अगदी साधं इंग्रजी, दोनचार चुकाही होत्या. आणि खाली खिडकीतली एक बाई होती. ती डबा दोन बोटांनी गाठीला धरते. लेकीच्या हातात देते आणि नळावर जाऊन हात धुते. राग कुठंच नव्हता. डबा गरम असेल, चटका बसत असेल, म्हणून—असं पोरीनं लिहिलं होतं.

तिला खरंच तसं वाटत होतं? की ती मला सोडवत होती? मला आजही कळत नाही.

सिस्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवून सहज विचारलं होतं, "टीचर, ये लेडी कौन है?" आणि ते पुस्तक त्याच वेळी माझ्या तोंडातून निघालं.

दुसऱ्या दिवसापासून मी एसटीत पलीकडच्या बाजूला बसायला लागले. सुजाताची आई डबा घेऊन एकेक खिडकी बघत गाडीच्या कडेकडेनं चालायची, आणि मग कंडक्टरच्या हातात द्यायची. मी मांडीवरच्या वह्या तपासायचे.

सुजाताचं औरंगाबाद झालं नाही. मावशीचं बिऱ्हाड हललं, पोरगी गावाकडं आली, सेनगावातच बारावी केली, आणि तिथंच थांबली. आठ-नऊ वर्षांनी ती मला तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानात दिसली, लोकांचे अर्ज लिहून देताना. मी सासऱ्यांचा कसलासा अर्ज घेऊन गेले होते, इंग्रजीत पाहिजे होता. माघारी फिरणार होते, पण तिनं बघितलं. उठून स्वतःची खुर्ची दिली. "बसा ना टीचर." दहा मिनिटांत अर्ज टाइप केला. त्यात एकही चूक नव्हती. मी शोधली.

"आई अजून नाव काढते तुमचं," ती कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाली. "म्हणते, त्या टीचरच्या हाती दिलेला डबा बराबर पोचायचा."

मी हं म्हणाले.

प्रिंटरमधून निघालेला कागद गरम होता. तिनं तो दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला आणि माझ्याकडं बघितलं. मी पैसे दिले तरी तिथंच उभी राहिले, वाटलं आता पुस्तकाचं विचारील. तिनं विचारलं नाही, माझ्या मागं लोक खोळंबले होते. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, ते मला पक्कं ठाऊक आहे.

शोधते, म्हणाले असते.