बंदूक नसलेला साबण

किराणा दुकानात उंदीर आणि किस्से, या दोन गोष्टी कुणी न मागवता वाढतात. जवळा बाजारला माझं दुकान आहे. समोरच्या बाकड्यावर रोज संध्याकाळी चार टाळकी जमतात, आणि अलीकडचे निम्मे किस्से आमच्या खंदारे गुरुजींनीच पुरवलेत!

* * *

गुरुजी झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. रोज सकाळी विहारात पंचशील म्हणतात. एक दिवस बाकड्यावर म्हणाले, "तोंडानं म्हणायचं जीव घेणार न्हाई, अन् टॅक्स भरायचा बंदुकीला. हे काही बराबर न्हाई."

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला टॅक्सच्या ऑफिसात हजर. फौजेचा हिस्सा भरणार नाही, काय केस करायची ती करा म्हणाले. जेलात लागेल म्हणून पिशवीत टॉवेलसुद्धा नेला होता!

तिथल्या साहेबानं पेन्शन विचारली आणि हातच जोडले. "गुरुजी, तुम्हाला इन्कम टॅक्स लागतच नाही."

गुरुजींचा चेहरा निवडणुकीत पडल्यासारखा झाला. साहेबाला दया आली असावी. तो म्हणाला, "तसं साबण घेता तेव्हा भरताच की थोडा."

तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

* * *

गुरुजी दुकानात येत, वस्तू हातात धरत आणि विचारत, "शेठ, यात बंदूक हाय का?"

सुटा गूळ, मीठ, सुटी डाळ यांत नाही. साबण, बिस्कीट, चहापत्ती यांत आहे. गुरुजी बेसन लावून आंघोळ करू लागले. चहा सोडला. पण बोली बाजारभर पसरली. शाळेची पोरं येऊन म्हणायची, "एक बंदुकीचा बिस्कीटपुडा द्या."

* * *

मारोतराव पाटील म्हणजे गावातले मोठे जमीनदार. त्यांनी एकदा गुरुजींना घेरलं. "समजा, उद्या दुश्मन जवळा बाजारात घुसला तर?"

"कोणत्या रस्त्यानं?" गुरुजींनी विचारलं.

त्याच आठवड्यात पाटलांच्या जीपचा ॲक्सल आमच्या रस्त्यावर तुटला होता!

पण पाटीलही हार मानणारे नव्हेत. "अन् तुमचं पोरगं फौजेत हाय, त्याचा पगार कुठून येतो?"

बाकडं हसलं. गुरुजी हसले नाहीत. पिशवी उचलून घरी गेले.

* * *

दोन दिवसांनी गुरुजींच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी दुकानात आल्या. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाल्या, "यांचं व्रत यांच्यापाशी, भाऊ. मला दोन टाईम बंदूक लागतीच. पावशेर द्या."

मी हसत चहापत्ती बांधली. त्या मात्र तिथंच उभ्या राहिल्या. संदीप, म्हणजे त्यांचा मुलगा, सुट्टीवर येणार होता. तो आला की बाप-लेक आधी शेजारी बसून चहा घेतात, नंतर बाकी सगळं. ही त्यांची लहानपणापासूनची रीत.

"यंदा यांनी चहाला न्हाई म्हटलं," वहिनी म्हणाल्या, "तर लेकराला वाटंल, बाप मलाच न्हाई म्हणून राहिला."

* * *

संदीप आला त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. पाटील माझ्याआधीच येऊन बसले होते!

गुरुजी बाजेवर. वहिनींनी चुलीवर आधण ठेवलेलं, पण त्यात पत्ती काही टाकेनात. संदीपला आईनं फोनवर सगळं सांगितलेलं असावं. त्यानं बॅगेतून एक पुडा काढून बापाच्या हातात दिला.

"बाबा, आमच्या कँटीनचा चहा हाय. आमाला यावर अर्धा टॅक्स माफ असतो."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं, मी पाटलांकडं. गुरुजींनी पुडा उलटा केला, सुलटा केला.

"पुरा माफ न्हाई?"

"न्हाई, बाबा. अर्धाच."

गुरुजी बाजेवर जरा सरकले, संदीपला जागा केली आणि पुडा वहिनींकडं दिला.

"याला भरून दे," म्हणाले. "मला अर्धा कप."