गेटवरचं उघडं रजिस्टर

मंडळी, आज तोंडावर आपटलो, तरी खुशीत आहे.

रोह्याच्या आमच्या कंपनीत गेटपास कॉम्प्युटरवर आणतोय. पर्ल भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम ऑफिसात झकास चालायचा. आज तीनच्या भोंग्याला शिफ्ट सुटली, सगळे एकदम गेटवर आले आणि सर्व्हर बसला. दर पासाला प्रोग्रॅम नव्याने सुरू होत होता.

हे सांगितल्यावर गेटवर नोंदी करणाऱ्या पेणच्या सुनंदाताई हसल्या. "दादा, मी काय दर माणसाला रजिस्टर कपाटातून काढते व्हय? शिफ्टभर उघडंच असतं."

प्रोग्रॅम असाच दिवसभर चालू ठेवणारं जावा सर्व्हलेट उद्या लावून बघतो, असं मी त्यांना म्हटलं. "लावा. तवर माझं रजिस्टर हाय," ताई म्हणाल्या.

महिनाभर मी पुस्तकं चाळली, गेटवर एकदाही उभा राहिलो नाही. तुमचा प्रोग्रॅम जिथे चालणार, तिथे तुम्ही कधी उभे राहिलात?